दोन ठोके

१

गाडीचा आवाज कसा येतो, हे गिऱ्हाइकाला कधी धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं कुरकुर, कुणी म्हणतं खडखड. एक बाई तर म्हणाली होती, मागच्या चाकात मांजर बसलंय. माथेस क्रिंग्स हे असलं ऐकून घ्यायचा नाही. "तोंडानं आवाज काढू नका, किल्ली द्या," एवढंच म्हणायचा.

जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात, मोटारशर्यतीच्या रस्त्यापासून, रिंगपासून, जवळच त्याचं गॅरेज. रिंगवर पैसे भरले की कुणालाही गाडी पळवता येते. मग काय, साऱ्या मुलखातले हौशे आपल्या महागड्या गाड्या घेऊन यायचे आणि फेऱ्या मारून मारून चाकांखालचं सगळं खिळखिळं करून ठेवायचे. सांध्यातला कुठला रबरी बुश फाटला, कुठला बॉल जॉइंट ढिला झाला, हे माथेस कानानं शोधायचा. स्वभावानं खडूस, बोलायला तिरका, पण आवाज सापडला नाही म्हणून गाडी परत पाठवली, असं त्यानं जन्मात केलं नव्हतं. गावात त्याच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं तेवढंच होतं आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

नोव्हेंबरात रिंग बंद झाली, धुकं उतरलं, आणि ड्युसेलडॉर्फचा वकील ओवेरात गाडी घेऊन आला. ट्रेलरवर घालून.

"चालत नाही का?" माथेसनं विचारलं.

"चालते. उत्तम चालते."

"मग ट्रेलर कशाला? पेट्रोल परवडेना?"

वकील हसला नाही. "तीन गॅरेजं झाली, क्रिंग्स मिस्त्री. तिन्हीकडे गाढवं बसलीत. तुम्ही चौथे."

"चौथं गॅरेज की चौथं गाढव?"

"ते उद्या कळेल."

गाडी खाली उतरवली. काळी, बुटकी, रुंद बुडाची. असल्या गाडीत रबर कमी आणि लोखंड जास्त, ती थोडी कण्हणारच. माथेस चाकापाशी वाकला आणि त्यानं शिवी हासडली. टायरचं रबर संपून आतल्या तारा बाहेर आल्या होत्या. चारही टायरच्या.

"ह्याच्यावर माणूस मरतो, वकीलसाहेब. थांबायचं कळत नाही का?"

ओवेरातनं किल्ली दिली ती हात लांब करून, जळतं काही धरावं तशी. माणूस पैसेवाला, पण कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. आत मान उरलीच नव्हती जणू.

"आवाज कसा?" माथेसनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विचारावं लागलं, कारण ह्या गिऱ्हाइकानं आवाजाबद्दल आपण होऊन तोंडच उघडलं नव्हतं.

ओवेरातनं ट्रेलरच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं ठोकलं. टक-टक. "असा. नेहमी दोन."

"कधी? खड्ड्यात? वळणावर? ब्रेक मारल्यावर?"

"केव्हाही."

"आणि आला की तुम्ही काय करता?"

भूक लागल्यावर काय करता, असं कुणी विचारावं तसं वकिलानं त्याच्याकडं पाहिलं.

"परत एक फेरी मारतो," तो म्हणाला.

२

गाडी चालवायला झिल्के होती. माथेसची मुलगी. आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि दोघांत एक शब्द सरळ जायचा नाही. ती बापापेक्षा चांगली गाडी चालवायची आणि बापाला ते माहीत होतं, म्हणून तो तिला रोज चार गोष्टी शिकवायचा. ती सोमवारी जाणार होती. दक्षिणेकडच्या एका मोठ्या कारखान्यात नव्या गाड्या तपासायची नोकरी लागली होती तिला. तिनं हे सांगितलं तेव्हा माथेस बटाटे सोलत होता. तो बटाटेच सोलत राहिला.

आवाज शोधायला दोन माणसं लागतात, एक चालवायला आणि एक ऐकायला. माथेस मागचं काचेचं झाकण उघडून आत शिरायचा, घोंगडी अंथरून कुशीवर झोपायचा आणि पत्र्याला कान लावायचा. चालवणाऱ्याच्या सीटमागं तो गादीचा जाड तुकडा उभा करायचा, म्हणजे पुढची बडबड मागं येत नाही. पुढच्याला मग आरशात गादीशिवाय काही दिसत नाही. हाक मारली तर मोलाचा आवाज हुकतो, म्हणून दोघांत ठोक्यांची भाषा ठरली होती. एक ठोका, हळू. दोन ठोके, परत एकदा. तीन ठोके, थांब. झिल्केनं मागं वळून बघायचं नाही, रस्ता सोडून नजर हलवायची नाही. तिनं लहानपणी एकदा वळून बघितलं होतं आणि गाडी सरळ गोठ्यात घातली होती. त्यावरून अजून भांडण व्हायचं.

फेरीचा रस्ताही ठरलेला. गॅरेजच्या दारातून निघायचं, उताराला जुनी दगडी फरशी लागते, तिथं चाकं चांगली आपटतात. मग लाकडाची वखार, मग खाणीच्या कडेकडेनं उजवं वळण, ओढा, आणि नव्या डांबरी चढावरून परत गॅरेजच्या दारात. खाणीच्या वळणाला कठडा नाही. खाली काळं पाणी. तिथं बॉल जॉइंट निसटला तर चाक एकीकडं आणि गाडी दुसरीकडं, आणि पोहता येऊन काही उपयोग नाही. झिल्के त्या वळणावर रोज जायची. आजही जाणार होती. म्हणून आवाज सापडायलाच हवा होता.

"टायर बदललेत," माथेस म्हणाला. "फरशी ओली आहे. वळणाला सांभाळ."

"मला वळण शिकवताय?"

"तुला कोण शिकवणार! तू आता कारखान्यातली साहेब."

"झालं तुमचं सुरू. बसा मागं."

दोघंही त्या दिवशी घुश्शातच होती. गाडीत बसल्यावर तर जास्तच.

३

माथेसच्या कमरेला एक डबा आणि गळ्यात हेडफोन असायचा. चार चाकांपाशी चार चिमटे लावायचे, चिमट्यात माईक, तारबीर काही नाही. डब्याचं बटण फिरवलं की हवा तो माईक कानात वाजतो. हे यंत्र झिल्केनं आणलं तेव्हा त्यानं तिची टर उडवली होती. आता त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं, पण हे त्यानं मेला तरी कबूल केलं नसतं.

फरशीवर गाडी उतरली. त्यानं बटण फिरवलं. पुढचं डावं, स्वच्छ. पुढचं उजवं, स्वच्छ. मागची दोन्ही, लोखंड आपलं काम करत होतं. शॉकअप नीट दाबले जात होते. कुठं ढिलं नाही, कुठं कोरडं नाही. खाणीचं वळण गेलं, ओढा गेला. चढाचं डांबर नवं, ताटासारखं सपाट, तिथं चाकांना वाजायला कारणच नाही.

टक-टक.

हेडफोनमध्ये नाही. उघड्या कानाला. जवळ.

त्यानं चारही माईक झरझर फिरवून पाहिले. चारही मुके. म्हणजे आवाज चाकांचा नव्हता. पत्र्याचा असेल, पट्ट्याचं बक्कल असेल, कुठल्या तरी गाढवानं आत पाना विसरला असेल. डोकं असं भराभर कारणं पुरवत होतं, आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की गाडी गॅरेजच्या दारात थांबलेली नाही. पुन्हा फरशीवर उतरलीये.

दुसरी फेरी संपेपर्यंत तो दात खात पडून राहिला. गाडी थांबली तसा मागून बाहेर पडला. त्याचं कंबरेचं हाड नवं बसवलेलं, बाहेर पडायला वेळ लागायचा आणि त्या वेळात राग आणखी चढायचा.

"थांबली का नाहीस?"

"तुम्हीच ठोकलंत. दोनदा."

"मी नाही ठोकलं. तो गाडीचा आवाज होता. त्याच्यासाठीच तर आलोय आपण, मूर्ख!"

झिल्केनं काच खाली केली आणि बापाकडं निवांत बघितलं. "बाबा, ढिला जॉइंट मी ओळखते आणि तुमचं ठोकणंही ओळखते. उजव्या हाताचं मधलं पेर, सीटच्या बरोब्बर मागं. वय झालंय तुमचं. ठोकता आणि विसरता."

"जायची घाई झालीये म्हणून बोल! पटापट फेऱ्या मारून मोकळी होतेस!"

"घाई असती तर तुमच्या फेऱ्यांना होच म्हटलं नसतं," ती म्हणाली. "जन्मभर तुम्ही दोनच ठोके मारलेत, बाबा. परत एकदा, परत एकदा. तीन कधी मारलेले आठवतायत?"

त्यानं गाडीच्या टायरला लाथ मारली.

४

गाडी रॅम्पवर चढवली. शेजारच्या रॅम्पवर त्याची स्वतःची व्हॅन चाकं काढून टांगलेली होती, ब्रेकच्या कामासाठी, गेला आठवडाभर.

रॅम्पवर चाकं लोंबकळतात, सगळे सांधे सैलावतात आणि आवाज लपून बसतो. म्हणून त्यानं चाकांखाली ठोकळे देऊन वजन परत चाकांवर आणलं आणि मग लोखंडी टॉमी घालून चाकांचा एकेक आर्म हलवून पाहिला. बुशांवर साबणाचं पाणी मारलं. एकेक बोल्ट सैल करून पुन्हा आवळला. तक्रार करावी असं काही निघालं नाही. मग त्यानं गाडी रिकामी केली. पायपुसण्या, हवेचा पंप, जॅक, समोरच्या कप्प्यातले कागद, राखदाणीतलं एक नाणं, सगळं बाहेर. झाडू घेऊन आतून झाडलं. धूळसुद्धा राहू दिली नाही.

मग गाडी जमिनीवर उतरवून दोघं बाकावर टेकली. थर्मासमधली कॉफी, ब्रेड आणि लिव्हरचं सॉसेज. झिल्केनं आपला फोन थर्मासला टेकवून ठेवला. बाहेर धुकं इतकं दाट की भर दुपार असूनही समोरचं कुंपण दिसेना.

टक-टक.

गाडी बंद होती. किल्ली बाकावर होती.

"गार होतंय," माथेस म्हणाला. "सायलेन्सर गार होताना ठोकतोच."

हे खरं होतं. पण गार होणारं लोखंड आधी भरभर ठोकतं, मग हळूहळू, मग थांबतं. हे तसं नव्हतं. दोन, मग गप्प. खूप वेळ गप्प, उत्तराची वाट बघत बसल्यासारखं. मग पुन्हा दोन.

झिल्के ब्रेड अर्धा टाकून उठली. हात पुसले. बाकावरची किल्ली उचलून गाडीकडं निघाली.

"कुठं?"

ती वळली. तोंडात घास होता. "तुम्हीच म्हणालात ना, परत एकदा."

"मी काहीच म्हणालो नाही."

ती तशीच उभी राहिली. हातातल्या किल्लीकडं पाहिलं. मग चिडली, कारण घाबरली की ती चिडायची, बापावर गेली होती त्यात. "मग नाही म्हणा! एकदा तोंडानं म्हणा, झिल्के, बास झालं. पाठवून देऊ ह्या वकिलाची गाडी. म्हणा!"

म्हणायला काय जात होतं? दोन शब्द. फोन उचलायचा, ओवेरातला सांगायचं, ट्रेलर आणा आणि हे धूड इथून न्या. पण मग गावभर झालं असतं, क्रिंग्सला आवाज सापडला नाही. आणि मुलगी निघून जायच्या आधीचं शेवटचं काम तेच झालं असतं.

माथेसनं मागच्या उजव्या चाकाचा चिमटा काढला.

"आवाज आतून येतोय," तो म्हणाला. "हा माईक तुझ्या सीटखाली लावतो. सापडेल. परत एकदा."

झिल्के जाऊन पुढच्या सीटवर बसली. तो नेहमी म्हणायचा तेच म्हणाला होता.

५

फरशी लागली. त्यानं डब्याचं बटण सीटखालच्या माईकवर आणून ठेवलं.

कानात पहिल्यांदा आला तो श्वास. त्याचा स्वतःचा, जुन्या भात्यासारखा घरघरता. त्याला बरं वाटलं. माईक चांगला चालतोय, एवढी जवळची गोष्ट पकडतोय. मग दुसरा श्वास, हलका, तालात. झिल्केचा. वळणावर ती श्वास धरते आणि वळण संपलं की सोडते, ही तिची लहानपणची खोड. वखार गेली. खाणीचं वळण आलं.

झिल्केचा श्वास थांबला. तो बरोबर थांबला.

माथेसनंही आपला श्वास धरला. तपासून बघावं म्हणून, दुसरं काही नाही.

कानात श्वास चालूच राहिला.

सावकाश. ओला. आत घेतलेला, सोडलेला. घाई नसलेल्या माणसाचा. हेडफोनमध्ये अंतर कळत नाही, दिशा कळत नाही. रबरी नळीतून हवा जात असेल. काचेच्या झाकणाच्या फटीतून वारा येत असेल. माथेसनं डोळे मिटले नाहीत, पण मानही वळवली नाही. आपल्यामागं, घोंगडीच्या उरलेल्या टोकावर किती जागा आहे, ह्याचा त्यानं मनात अंदाज घेतला. एक माणूस कुशीवर मावेल एवढीच जागा होती सगळी. ती त्यानं अडवली होती. मग पाठीला हे ऊबदार काय लागत होतं?

ओढा गेला. चढ लागला.

त्यानं मूठ वळली आणि पत्र्यावर हाणली. एक. दोन. तीन.

गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली. कानात झिल्केचा आवाज आला, चकित, जवळजवळ खूश. "तीन! अगं बाई. तीन मारले म्हाताऱ्यानं."

६

तो झाकण ढकलून बाहेर पडला. पाय टेकताना कंबरेत कळ आली, तो वाकून उभा राहिला, दोन्ही हात गुडघ्यांवर. धुक्यात श्वास घ्यायला बरं वाटलं. पुढं जाऊन दाराशी उभं राहायचं आणि तिला उतर म्हणायचं. बास झालं म्हणायचं. तोंडानं म्हणायचं. त्याचं ठरलं होतं.

मागं झाकण पडलं.

त्या झाकणाचे दांडे कमजोर होते, ते आपोआपही पडलं असतं. सकाळी दोनदा पडलं होतं. माथेसनं मनाशी तेच धरून ठेवलं. पण पडताना झाकण आपटतं, आणि हे आपटलं नाही. हळूच बसलं, आतून कुणी धरून ओढून घ्यावं तसं. तो स्वतः घेतो तसं.

हेडफोनमध्ये, सीटच्या बरोब्बर मागं:

टक-टक.

"तेच म्हटलं," झिल्के हसली. "तीन ठोके, आणि तुम्ही!"

"झिल्के!"

गाडी उताराला लागली होती. त्यानं हाक मारली ती इंजिनाच्या आवाजात विरली. मागचे लाल दिवे धुक्यात दोन ठिपके झाले, मग तेही गेले. कानात चाकं फरशीवर आपटत होती आणि त्यात तीन जणांचा नाही, आता दोघांचाच श्वास होता.

फोन. त्यानं खिशातून काढून लावला. गॅरेजच्या आत, बाकावर, थर्मासपाशी झिल्केचा फोन वाजायला लागला.

व्हॅन. व्हॅनला चाकं नव्हती.

वखारीच्या पुढं माईक खरखरायला लागतो, ओढ्यापलीकडं बंदच पडतो. बंद पडण्याआधी तिचं बोलणं तुटक ऐकू आलं. ती बोलत होती, आरामात, बापाशी कधी बोलली नव्हती तसं. सोमवारचं काहीतरी. खोलीचं भाडं, खिडकी नदीकडं उघडते, तुम्ही यायचं. मध्येच थांबायची, उत्तर ऐकल्यासारखी. मग हसायची.

माथेसनं मोठा हातोडा उचलला आणि गॅरेजच्या पत्र्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

७

गाडी चढावरून आली ती आधीपेक्षा जोरात. तो टपूनच उभा होता. ती समोर येताच त्यानं दारावर हातोडा घातला. धाड. धाड. धाड. सारं गाव उठेल असा.

ब्रेकचे दिवे पेटले. गाडी पुढं सरकत सरकत हळू झाली, जवळजवळ थांबली. मागचं काचेचं झाकण त्याच्या बरोबर समोर, चार हातांवर.

काचेवर आतून वाफ धरली होती. एका माणसाच्या श्वासानं धरते त्याहून जास्त. वाफेत एक जागा पुसलेली होती, तळव्याएवढी, आणि तिथून घोंगडी दिसली. त्याची राखाडी घोंगडी, उंच झालेली, खांदा आणि कुल्ला असावा तशी. आणि तिच्याखालून वर आलेला हात, मूठ वळलेली, मधलं पेर पुढं काढलेलं. चेहरा दिसला नाही. तो पत्र्याला लावलेला होता. ऐकत होता.

टक-टक.

"नक्की काय ते ठरवा बुवा," कानात झिल्के म्हणाली, आणि दिवे विझले, आणि गाडी गेली.

माथेसनं हातोडा टाकला आणि धावला. धावला म्हणजे काय, लंगडत, फरफटत, पण त्याच्या कंबरेला जेवढं झेपेल त्याहून जास्त. फरशी जिथं सुरू होते तिथं रस्ता अरुंद आहे, दोन्हीकडं दगडी बांध. तिथं मधोमध माणूस उभा राहिला तर गाडीला थांबावंच लागतं. थांबली की पुढचं दार उघडायचं, तिला दंडाला धरून ओढायचं. मागं बघायचं नाही. ठोके बाहेरून मारले की आतल्याचेच वाटतात. पण डोळ्यांना दिसलेला बाप हा बाप असतो. एवढी एक गोष्ट त्याच्या बाजूची होती.

तो फरशीच्या तोंडाशी मधोमध उभा राहिला. धुकं गुडघ्यांशी घोळत होतं. हेडफोन कानावर घट्ट दाबला. खरखर. बराच वेळ नुसती खरखर. ह्याचा अर्थ ती खाणीच्या बाजूला होती आणि माईक चालू होता, म्हणजे गाडी अजून तरी पाण्यात गेली नव्हती. त्यानं देवाचं नाव घेतलं नाही, सवय नव्हती. तो बोल्ट आठवत राहिला. पुढचा डावा, पुढचा उजवा. सगळे त्यानं हातानं आवळले होते. गाडीत खोट नव्हती. गाडी उत्तम होती. म्हणून तर ती अशी फेऱ्या मारू शकत होती, एकीमागून एक, टायरच्या तारा निघेपर्यंत.

खरखरीतून झिल्केचा आवाज वर आला.

"...हो, पण अंधार पडायच्या आत."

मग चढावर इंजिन, कानात आणि बाहेर, दोन्हीकडून. धुकं पिवळं झालं. त्यानं दोन्ही हात वर केले.

"बाबा," कानात झिल्के म्हणाली, "पुढं रस्त्यात कुणीतरी म्हातारं उभंय."

"मी आहे!" माथेस ओरडला. "झिल्के, मी आहे! थांब!"

"हात हलवतंय. तुमच्यासारखाच डगला आहे बघा त्याचा." तिचा आवाज किंचित हलला, आणि इंजिनही किंचित खाली आलं. ती वाट बघत होती. बापानं सांगावं म्हणून वाट बघत होती. ठरल्याप्रमाणे मागं वळत नव्हती. "थांबू का, बाबा?"

दिवे मोठे झाले. त्यानं तिचं नाव घेतलं, एकदा, दोनदा, घसा फाटेपर्यंत. कानात, तिच्या सीटच्या बरोब्बर मागं, कुणीतरी सावकाश श्वास आत घेतला.

टक-टक.

झिल्के उभ्या आयुष्यात वाद घातल्याशिवाय बापाला हो म्हणाली नव्हती.

"बरं बाबा," ती म्हणाली.